धोंड्याच्या वाणातला गेम

२१ मे, गुरुवार

पुन्हा तोच व्हिडिओ पाहिला! आता पाठ झाला आहे. तो माणूस खोका उघडतो, गेम खेळायचं यंत्र बाहेर काढतो, पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी टक् टक् वेगळ्या करतो — एक निळी, एक नारिंगी — आणि शेवटी म्हणतो, एवढी किंमत देऊन घ्यावा का? घरात खेळायला दुसरं माणूस असेल तर बिनधास्त घ्या. एकटे असाल तर तुमचा फोनच बरा.

एकटे असाल तर. मी फोन पालथा ठेवला.

सुमेधा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी टेंभुर्णीला गेली, ती अजून तिकडेच. लग्नाला चार महिने होत आले, त्यातला महिनाभर ती इथे नाहीच. मंठ्याच्या या खोलीत मी, टीव्ही आणि ज्यांच्या पंखे-कूलरच्या दुकानात मी कामाला आहे त्या सेठचा एक जुना कूलर. जाताना बसस्टँडवर ती म्हणाली होती, "तुम्ही दिवसभर दुकानात. घरी आले की फोनमधी तोंड. मी काय भिंतीशी बोलू?"

मी म्हणालो, "बस लागली."

हे माझं उत्तर! अजून आठवलं की कानशिलं तापतात. ती परत आली नाही तर? आणि आली, आणि पुन्हा तीच भिंत असली तर?

२२ मे

रजतला किंमत विचारली. रजत म्हणजे हुकमचंद सेठचा मुलगा. पुण्यात शिकून आला, आता दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. हा गेम इकडे कुठे सहजी मिळत नाही, पण त्याचा एक मित्र मुंबईहून आणून देतो.

साठ हजारांना थोडे कमी.

"पागल झाला का, कल्याण? एवढ्यात जुनी मोटारसायकल येते. तिच्यावर बायकोला बसवशील. याच्यावर काय बसवशील?"

बाजूला कूलरची मोटर बांधत असलेले दोघे हसले. मीही हसलो. हसायची काही गरज नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मनात नीट मांडून पाहिलं. घ्यावा तो का? टीव्हीला जोडला की मोठ्या पडद्यावर, काढला की हातात. मुठी सुटतात, म्हणजे एका यंत्रात दोघांचं भागतं. आणि मुख्य म्हणजे लाइट गेली तरी बंद पडत नाही! टीव्ही काळा होतो, पण यंत्र उचलून हातात घेतलं की खेळ होता तिथून पुढे सुरू. ज्याने बनवला त्याने मंठ्याची लाइट पाहिली नसेल, पण बनवला आमच्यासाठीच.

घेऊ नये तो का? एकेक गेम वेगळा विकत घ्यायचा, तोही महाग. बॅटरी जेमतेम दोन-अडीच तास. बाहेरून आणलेला, बिघडला तर कोणाच्या दारात जायचं? माझा टीव्ही जुना. आणि मी सव्वीस वर्षांचा बायको असलेला माणूस. ही शेवटची गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

पैसे आहेत. लग्नाच्या आधीपासून बाजूला टाकत आलो. पण पैसे असणं आणि ते यावर घालवणं — यात फार मोठं अंतर आहे. त्या अंतरात मी रोज येरझारा घालतो.

२४ मे, रविवार

केदारखेड्याहून आईचा फोन. "धोंड्याचा महिना लागला. सासरवाडीचं बोलावणं येईल. तोंडानं काई मागू नको बरं. मागणारा जावई हलका होतो."

मी कशाला मागतो!

२५ मे

मागितला.

कसा मागितला ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कधी असं होणार नाही. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. भुजंगराव म्हणजे टेंभुर्णीचे मंडपवाले. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"जावईबापू! पहिला धोंडा हाय तुमचा. वाणात काय घ्यायचं, सांगा. आदिनाथरावांना मागच्या धोंड्याला अंगठी घातली. मला दोघं जावई बराबर."

आदिनाथ माझे साडू. जालन्याला कंपनीत आहेत.

मी म्हणालो, काही नको. ते म्हणाले, असं कसं. मी म्हणालो, खरंच नको. ते म्हणाले, मंग अंगठीच करू का? आणि माझ्या तोंडून तो शब्द आपोआप बाहेर पडला. "एक गेम असतो..."

"गेम म्हंजे?"

"टीव्हीला लावायचा. हातात धरून पण खेळता येतो."

"लेकरांचा?"

"मोठे पण खेळतात."

मग — "कितीला पडतो?"

"पाच हजाराला."

पाच हजार! हा आकडा माझ्या कोणत्या कोपऱ्यात दडून बसला होता कोण जाणे. तोंडातून निघाला आणि सासरे खूश झाले. "एवढंच? अंगठीपरीस स्वस्तच पडले की तुम्ही!"

२६ मे

विचार केला तर आकडा वाईट नाही. सासरे पाच हजार हातात देतील. वरचे मी घालीन. रजत गेम आणून देईल. कोणाला कळायचं कारण नाही. शिवाय वस्तू सासरवाडीची ठरेल. मग मला कोणी लेकरू म्हणणार नाही, आणि सुमेधाला नाक मुरडता येणार नाही, कारण तिच्याच वडिलांनी दिलेली! खोलीत आल्यावर मी सहज म्हणेन, ही एक मूठ तू धर. बस. एवढंच म्हणायचं आहे.

रजतला बुकिंगचे पैसे देऊन टाकले. तो म्हणाला, "दहा-बारा तारखेपर्यंत नको असला तर सांग. नंतर माझा मित्र ऐकायचा नाही."

२७ मे

सगळं फिसकटलं. सासऱ्यांना म्हणालो, मामा, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच आणतो, तुम्ही नंतर द्या. ते एकदम गंभीर झाले.

"वाण पैशात देत नसतात, बापू. वस्तू हातावर ठेवायची असते. अन् मी रिकामाच हाय. अधिक महिना, लगीन न्हाई का काई न्हाई, सगळे बांबू गोदामात पडेल हायेत. मीच हिंडतो. भाव केल्याबिगर घेतलेली वस्तू मला पचत न्हाई."

एरवी मे महिन्यात या माणसाला जेवायला सवड नसते. यंदा अधिक महिना आला आणि सगळी सवड माझ्या वाट्याला!

२८ मे

सुमेधाला फोन केला. आवाज तुटक येत होता. माझाच जुना फोन तिला दिलेला आहे, त्याचा माइक गेलेला. त्यात खातंही माझंच चालू आहे. बदलून द्यायचं राहून गेलं, तसं पुष्कळच राहून गेलं.

"काय करतेस दिवसभर?"

"काई न्हाई. मायला अनारशाचं पीठ करू लागते. बघते काईबाई फोनमधी."

"जेवलीस?"

"हं."

मी कूलरचं पाणी संपल्याचं सांगितलं. ती म्हणाली, भरा मंग. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की, परत कधी येतेस हे विचारायचं होतं. त्याच्यासाठीच तर फोन केला होता.

३० मे

एक विचित्र गोष्ट. फोनवर एक व्हिडिओ समोर आला — दोघांनी मिळून खेळायचे गेम. मी तो पाहिलेला नाही. तरी खाली पाहिल्याची लाल रेघ शेवटपर्यंत भरलेली! आणखी एकाला अर्धी. म्हणजे मीच पाहून विसरलो. हे असं व्हायला लागलं तर अवघड आहे. दुकानातही आज एका गिऱ्हाइकाला पंख्याऐवजी पाण्याच्या मोटरचा भाव सांगितला.

मला व्हिडिओ बघायची सवय आजची नाही. अकरावीत असताना भोकरदनला एका दुकानात टीव्हीवर गेम लावलेले असायचे, तासावर पैसे. मी खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहायचो. बघायला पैसे पडत नव्हते. कॉलेज सुटलं, उभं राहणं सुटलं नाही. खेळणारे ओळखीचे झाले होते, पण जागा कोणी दिली नाही आणि मीही कधी म्हणालो नाही, एक डाव मला द्या.

१ जून

मेलो.

सासरे आज जालन्याला गेले होते. मोबाइलच्या एका मोठ्या दुकानातून त्यांनी मला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"बापू, हे पोरगं मला येड्यात काढून राह्यलं! तुम्ही सांगितलेलं सगळं बराबर सांगितलं त्याला. टीव्हीला लागतो, हातात बी खेळतो, बाजूच्या मुठी निघतात. तर म्हणतो साठ हजार! अन् ते बी मागवावा लागंन. मी म्हनलं, बापा, गेम मागितला, म्हैस न्हाई मागितली!"

मागून त्या पोराचा आवाज. "काका, खरंच तेवढाच आहे. नेटवर बघा."

"नेट काय बघू? माझ्या जावयानं पाच हजार सांगितला. माझा जावई खोटं बोलणार न्हाई. बापू, तुम्हीच सांगा याला!"

मी दुकानात उभा. समोर रजत. मला फक्त "हो, साठच आहे" एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मामा, राहू द्या, दुसरीकडं बघू."

"ऐकलं का?" सासरे त्या पोराला म्हणाले. "जावई म्हणतो दुसरीकडं बघा. तुमच्यापायीच लोकं बाजारात लुबाडले जातात."

एका खरं बोलणाऱ्या पोराला माझ्यामुळे भर दुकानात लुटारू ठरवलं. त्याची माफी मागायला जावं का? जाऊन काय सांगू? त्यांचा जावई तो मीच?

रजत म्हणाला, "कोण होतं?"

"राँग नंबर."

३ जून

सासऱ्यांचा फोन. "मिळाला!" एवढंच म्हणाले आणि हसत ठेवून दिला.

कुठे मिळाला? कसा मिळाला? पाच हजाराला तो मिळूच शकत नाही! चोरीचा तर नसेल? की माझा शब्द राखायला सगळे पैसे भरले? जेवण गेलं नाही.

५ जून

अजून तेच. विचारायची हिंमत होत नाही.

७ जून, रविवार — टेंभुर्णी

सकाळी पोहोचलो. दारात सुमेधा होती. थोडी काळवंडली आहे. "उन्हाचे आले," म्हणाली आणि पाणी दिलं. मी तिच्याकडे बघितलं. बघायचं असं ठरवूनच आलो होतो. तर ती आत निघून गेली.

पाटावर आम्ही दोघे जावई. सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, दोघांना ओवाळलं. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार. मोजून तेहतीस अनारसे, वर चांदीचा इवलासा दिवा. मग सासरे आतून दोन खोकी घेऊन आले. एक माझ्या हातावर, एक आदिनाथरावांच्या.

खोक्यावर भडक चित्रं. लांब वायरचे, हातात धरायचे दोन पंजे, मधे प्लास्टिकचा डबा. टेंभुर्णीच्या बाजारात खेळण्यांच्या गाड्यावर असतो तो!

"आठशेला सांगत होता," सासरे म्हणाले, "मी दोन घेतो म्हनलं, तर साडेसहाशेवर आला. टीव्हीला बी लागतो, हातात बी राहतो. बापू, तुम्हाला पाच हजार सांगून कोणीतरी फसवून राह्यलं होतं! यात चारशे गेम हायेत. त्या पाच हजारवाल्यात किती असतात?"

"एकही नसतो," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं!

"बघा!" सासऱ्यांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू मंडपाचा सगळ्यात उंच खांब एकट्याने उभा केला. "वाचलेल्या पैशात दोघांना दिवे केले."

आदिनाथराव खोकं उलटसुलट करत होते. "साडू, तुमच्यापायी माझ्या दुसऱ्या अंगठीला वायर फुटली." सगळे हसले. मग घास घेता घेता हळूच माझ्या कानाशी, "आमच्या साहेबाच्या पोराकडं हाय तो खरा. पाच हजार? वा रे पठ्ठे!"

आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी धोंड्यावर धोंडे खात राहिलो. सासूबाईंना वाटलं आवडले. अजून दोन वाढले. आदिनाथराव काही बोलले नाहीत. नुसते मधे मधे माझ्याकडे बघून "पाच!" अशी बोटं दाखवायचे.

खरं सांगतो, मला रडू येत होतं. गेमसाठी नाही. माझा जावई खोटं बोलणार नाही, म्हणून हा माणूस ऐन उन्हात जालन्यात भांडला, बाजार हिंडला. आणि मी खोकं हातात धरून तोंड पाडून बसलो होतो. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

निघायचा विषय झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आषाढ लागंपोत राहू द्या की तिला."

मी "बरं" म्हणणारच होतो. सुमेधा म्हणाली, "न्हाई माय, मी जाते." आणि पिशवीत सगळ्यात वर ते खोकं ठेवलं.

८ जून

बसने परत. जालन्याला गाडी बदलली. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "बाबाला पाच हजार कशाला सांगितलं?"

म्हणजे तिला माहीत आहे! आदिनाथरावांनी बायकोला सांगितलं असणार, बहिणीने हिला. मी म्हणालो, "चुकलं."

"खरं सांगितलं असतं तर बाबा हसला असता. दुसरं काय झालं असतं?"

या वेळी मात्र मी "बस लागली" म्हणालो नाही. बसमध्येच होतो.

९ जून

ती आली आहे. तरी जिवाला स्वस्थता नाही. दुकानातून दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "भाजी फोडणीला टाकलीय, काय पाहिजे?" काही पाहिजे नव्हतं. खोकं कपाटावर तसंच आहे. माझ्याच्याने उघडवत नाही.

१० जून

आज तिनेच काढलं. "माझ्या बापानं भाव करून आणलंय. मांडा की!"

मांडलं. रंग पिवळट, आवाज असा की शेजारच्या गिरिजाबाई डोकावून गेल्या. चारशे गेम नाहीत, पंधरा-वीसच आहेत, तेच पुन्हा पुन्हा. पण रणगाड्यांचा एक आहे दोघांचा. मला वाटलं तिला शिकवावं लागेल. तिने माझा रणगाडा तीनदा उडवला!

"तुम्ही नुसतं बघून राह्यले," ती म्हणाली. "हाणा की!"

भाकरी तव्यावर करपली. दोघांनी करपलेली खाल्ली. इतका हसलो की पाठीत उसण भरली. जेवताना फोन कुठे होता ते आठवत नाही. झोपताना कूलरखाली सापडला.

११ जून

रजतला सांगून टाकलं, गेम नको. साडेसहाशेत एवढं होतं, मग साठ हजार कशाला? त्या माणसाने व्हिडिओत सांगितलंच होतं, दुसरं माणूस पाहिजे. माणूस आहे. शिवाय तो खरा गेम घरात आला, तर रोज सासऱ्यांचं ते 'माझा जावई खोटं बोलणार न्हाई' आठवेल.

रजत म्हणाला, "शहाणा झालास. उद्या मित्राला कळवतो. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे."

हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. सुमेधाला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय? तिला कुठे त्याचं कौतुक आहे!

१२ जून, शुक्रवार

दिवेलागणीला खेळत होतो. ती पुढे होती. लाइट गेली. टीव्ही काळा, रणगाडे गडप.

अंधारात सुमेधा म्हणाली, "तुमच्या त्या दुसऱ्याला लाइट लागत न्हाई ना? घ्या मंग. पण नारिंगी मूठ माझी. निळी तुम्हाला."

रंग मी तिला कधीच सांगितले नव्हते! कोणालाच नाही. माझा जुना फोन तिच्याकडे, त्यात माझंच खातं. त्या लाल रेघा माझ्या नव्हत्या. महिनाभर टेंभुर्णीत बसून तीही तेच बघत होती.

मेणबत्ती शोधायच्या आधी रजतला फोन लावला. लागत नाही! चप्पल घालून त्याच्या घरी निघालो आहे — सुमेधा पुढे.